तळ्याकाठी लपलेला डबा

स्वित्झर्लंडला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, इंटरलाकन पाहिलं का? उत्तर ‘हो’ येईल. किती वेळ, असं विचारलं की मात्र जरा अडखळायला होतं. बस थांबते, फोटो निघतात, चॉकलेटं घेतली जातात आणि पुन्हा बस! थून आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधोमध हे गाव वसलंय. वर्षानुवर्षं पैसे साठवून गेलेल्या कुटुंबाच्या वाट्याला त्यातलं तळं किती येतं?

म्हणून तुमच्या सहलीत एक दिवस मोकळा ठेवा आणि तिथे जिओकॅशिंग खेळा.

हा खेळ म्हणजे मोठ्यांनाही खेळता येणारा खजिन्याचा शोध. कुणीतरी एक छोटा, घट्ट झाकणाचा डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश अॅपवर टाकतं. तुम्ही फोनच्या जीपीएसने तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा जिथे होता तिथेच ठेवायचा. आत चिमुकल्या वस्तू असतील तर एक घ्यायची, तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. खाऊ मात्र ठेवायचा नाही, वासाने प्राणी येतात.

हा खेळ मे २००० मधला. अमेरिकेने सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे रोजी ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मर यांनी रानात एक बादली लपवून तिचा पत्ता इंटरनेटवर दिला. आज जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

आम्ही गेलो ब्रिएन्झ तळ्यावर. इंटरलाकन ओस्ट स्टेशनमागच्या धक्क्यावरून बोट घ्या आणि गीसबाखला उतरा. तिथली १८७९ सालची दोरखंडाची रेल्वे तुम्हाला वर नेते. समोर चौदा टप्प्यांत कोसळणारा धबधबा! तिथून इझेल्टवाल्ड गावापर्यंत काठाकाठाने साधारण दीड तासाची पायवाट आहे.

पहिला डबा आम्हाला सापडलाच नाही. फोन जागेच्या काही मीटर जवळ आणून सोडतो. झाडी आणि कडे असले की बाण इकडेतिकडे फिरू लागतो. मग फोन खिशात टाकून डोळे वापरावे लागतात. हा दगड इथे कसा? या मुळाखाली पोकळी का? येणाऱ्याजाणाऱ्यांना कळू द्यायचं नसतं, म्हणून सासूबाईंना बाकावर पहाऱ्याला बसवलं. कुणी आलं की त्या जोरात खोकायच्या.

चाळीस मिनिटं गेली. एरवी मान वर न करणाऱ्या आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी विचारलं, “आई, हे पाणी असं निळं-हिरवं का गं?” हिमनद्या खडक घासतात, त्याची पिठासारखी भुकटी पाण्यात तरंगते आणि तिच्यावर प्रकाश पडून हा रंग दिसतो. बसच्या खिडकीतून हा प्रश्न त्याला पडला असता का?

दुसरा डबा सापडला. कुठे ते सांगणार नाही, पुढच्यांची मजा जाईल! वहीत देशोदेशीची नावं होती. त्याखाली सासूबाईंनी मराठीत सही केली.

तुम्ही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. अॅपवर अवघडपणा आणि वाट यांना एक ते पाच तारे दिलेले असतात. मुलं किंवा वडीलधारी सोबत असतील तर एक-दीड ताऱ्यांचेच डबे निवडा. पेन न्या, लहान डब्यात ते नसतं. पाण्यावर वाकून किंवा उतारावर उतरून हात घालावा लागत असेल तर तो डबा सोडून द्या. बोटींचं वेळापत्रक आधी पाहा, हिवाळ्यात त्या रोज नसतात. आणि एका दिवसात दोन-तीनच डबे ठरवा.

संध्याकाळी इझेल्टवाल्डहून बसने परतलो. त्या दिवसाचे फोटो थोडेच आहेत. पण त्या बाकाची, त्या खोकल्याची गोष्ट आमच्या घरी अजून निघते. डबा न सापडलेल्या जागेची तर सगळ्यात जास्त!