तेवीस हजार टाके

हाताने विणलेली शाल ही घरात पांघरायची वस्तू, असं मी परवापरवापर्यंत ठाम मानत होते. पहाटे दूध तापवताना किंवा गच्चीवर उन्हाला बसताना ठीक. चारचौघांत जायचं तर शाल मागावरची हवी, काठाची आणि घडीची. निफाडजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याने विणून दिलेली जांभळी तिकोनी शाल त्यामुळे नऊ वर्षं कपाटात पडून होती. "किती मायेने विणलीय बघा," असं मी आल्यागेल्याला सांगायचे आणि घडी परत आत ठेवायचे. माझं हे वागणं चुकीचं होतं. ते कसं कळलं, तेच आज लिहितेय.

नाशिकची थंडी खरी भेटते ती लग्नाच्या लॉन्सवर. डिसेंबरातला गोरज मुहूर्त, गंगापूर रस्त्यालगतचं उघडं मैदान, आणि अक्षता पडेपर्यंत अंधार झालेला. पैठण्या नेसलेल्या बायका हात काखेत दाबून उभ्या असतात. शाल घेतली तर पदर झाकतो, म्हणून शाली गाडीतच राहतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका लग्नात मला थंडी सहन होईना. निघताना नवऱ्याने आत्याची शाल गाडीत टाकली होती, ती आणून पदरावरून ओढली आणि घसरू नये म्हणून खांद्याशी सेफ्टीपिन टोचली. घरी येऊन पिन काढली, तर लोकर तुटलेली. एक टाका सुटून खाली बोटभर शिडी पडली होती.

जानेवारीतल्या एका रविवारी शाल घेऊन आत्याकडे गेले. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली जातो. तयार होत आलेल्या द्राक्षमण्यांना थंडीने तडे जाऊ नयेत म्हणून पहाटे बागांत शेकोट्या पेटवतात. त्या दिवशीही धूर अजून वेलींवर रेंगाळत होता. आत्या ओट्यावर बसली, चष्मा पुसला आणि क्रोशाची सुई घेतली. सुटलेल्या टाक्यात सुई घालून तिने त्याच्या वरचा आडवा धागा त्यातून ओढून घेतला, मग त्याच्या वरचा. शिडीची एकेक पायरी पुन्हा टाका होत वर चढली. तुटलेली टोकं जोडून तिने उलट बाजूला विणीत दडवली. म्हणाली, "अगं, विणीला पिन टोचायची नसते. तिला भोकं आहेत की! त्यातून अंबाड्याची काडी घाल."

नऊ वर्षांत त्या दिवशी प्रथमच मी तिला विचारलं, ही विणलीस कशी? मानेशी ३ टाके घालून सुरुवात. दर सुलट ओळीला ४ टाके वाढवायचे, उलट ओळ आहे तशी विणायची. १५० ओळी झाल्या की सुईवर ३०० च्या वर टाके होतात. तिथेच कागदावर बेरीज केली. २३ हजारांहून जास्त टाके! त्यातला एक चुकला तर जाळी तिरकी जाते आणि ओळीच्या ओळी उसवाव्या लागतात.

माझं मत बदललं ते या बेरजेने. येवल्याला पैठणी घ्यायला गेलो की आपण विचारतो, मागावर किती दिवस लागले? ते दिवस किमतीत धरतो आणि त्याला कला म्हणतो. पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आत्याचे टाके मात्र मी कधी मोजले नाहीत. 'माया' म्हटलं की मोजायचं कारणच उरत नव्हतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत. तिथल्या बायकांनी विणलेल्या तलम शाली लग्नाच्या अंगठीतून आरपार जातात, आणि जग त्यांना ओळखतं ते या कसबामुळे. आमच्या घरातल्या कसबाला मी प्रेमाचं नाव देऊन कपाटात बंद केलं होतं.

त्या दिवशी आत्याने शाल घ्यायलाही शिकवलं. विणलेलं कापड ताणतं, म्हणून मागावरच्या शालीसारखं ते चापून बसवायचं नाही, सैल सोडायचं. पैठणीवर घ्यायची तर टोक पाठीवर, दोन्ही पदर कोपरांवर. साडीच्या पदराचे काठ मोकळे दिसतात आणि जरीत लोकर अडकत नाही. शालीचा रंग साडीच्या अंगाशी जुळवण्यापेक्षा काठातून उचलावा. भरगच्च साडीवर साधी वीण, साध्या सुतीवर जाळीची. कुर्त्यावर तिकोन पुढे घ्यायचा, दोन्ही टोकं मानेमागून फिरवून पुढे आणायची. लांब स्कार्फ दुहेरी करून गळ्यात घालावा, टोकं त्याच्याच फासातून ओढून घ्यावीत. दुचाकीवर मात्र ती जॅकेटच्या आत खोचलेली हवीत, वाऱ्यावर सोडलेली नकोत. चाकात गेली तर जिवावर बेततं.

लोकर घेतानाही बघावं. दुकानात लोकर म्हणून मिळते ती बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असते. ती धुवायला सोपी, पण खांद्यावर फुगून राहते. खऱ्या लोकरीची शाल अंगासरशी पडते. ती गार पाण्यात धुवावी, पिळू नये, टॉवेलवर पसरून वाळवावी. दोरीवर टाकली तर पाण्याच्या वजनाने लांबते. हँगरलाही लावू नये, घडीच घालावी.

गेल्या डिसेंबरात भाचीच्या लग्नात मी ती जांभळी शाल हिरव्या पैठणीवर घेतली, काठातल्या जांभळ्याला जुळवून. आत्या पहिल्या रांगेत बसली होती. तिघीचौघींनी विचारलं, कुठून घेतलीस? मी त्यांना तिच्याकडे घेऊन गेले आणि टाक्यांचा आकडा सांगितला. आत्याने त्यांना पहिले ३ टाके कसे घालायचे तेही बोटांवर दाखवलं.

तुमच्या कपाटातही अशी एखादी शाल असेल. या हिवाळ्यात ती बाहेर काढा आणि लग्नाला घेऊन जा. विणणारी हयात असेल, तर आधी तिच्याजवळ बसून टाके मोजा.