पाठकोरे फोटो

जवाहरनगरात आम्ही मुलं अक्षरं गिरवायला शाळेत शिकलो, पण वाचायला शिकलो ते पाट्यांवर. 'प्रतिबंधित क्षेत्र', 'बिनपरवाना प्रवेश नाही', 'छायाचित्रण मनाई'. भंडाऱ्याहून नागपूरकडे जाताना महामार्गालगत लागणारी ही वसाहत साठच्या दशकात आयुध निर्माणीसाठी वसली, आणि दारूगोळ्याचा कारखाना म्हटला की १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आलाच. नकाशा, चित्र, फोटो, सगळ्यालाच मनाई. गेटवर काडीपेटी आणि बिडी काढून ठेवायची, हल्ली मोबाइलसुद्धा. अशा गावात माझ्या मोठेबाबांना, म्हणजे थोरल्या काकांना, फोटोग्राफीचा नाद लागला, आणि तो जन्मभर सुटला नाही.

ते पावडरवाले. म्हणजे तोफगोळ्याला लागणाऱ्या पावडरच्या सेक्शनमध्ये. त्यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. भोंगा झाला की जायचे, भोंगा झाला की यायचे. मोठ्याईला, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारलं तर म्हणायची, "ते सांगत नव्हते, मी विचारत नव्हती." कारखान्याबद्दल त्यांनी मला एकच गोष्ट सांगितली, आणि तीही गुपित नव्हती, कुठल्याही रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडेल. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची क्रिया केली की गनकॉटन होतं. तोफेच्या पावडरचं मूळ ते. त्याचंच जरा सौम्य रूप ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलं की चिकट कलोडियन होतं, आणि १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर नावाच्या इंग्रजाने ते काचेवर पसरून फोटो घ्यायची रीत काढली. पुढे सिनेमाची रिळंही त्याच जातीच्या नायट्रेटवर निघाली. म्हणून तर ती भडकत. पुण्यात २००३ साली जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि आपल्या आरंभीच्या सिनेमाचा मोठा ठेवा जळाला. "एकच कापूस," मोठेबाबा म्हणाले, "इकडून गेला त तोफ, तिकडून गेला त फोटो." कारखान्याबद्दल यापेक्षा जास्त ते बोलल्याचं मला आठवत नाही.

पहिला कॅमेरा आग्फा क्लिक थ्री, एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. मग नागपुरात कुणाकडून तरी जुना यशिका मिळाला, दोन भिंगांचा, छातीशी धरून वरून खाली काचेत बघायचा. या कॅमेऱ्याचा एक गुण असा की तो डोळ्याला लावावा लागत नाही. मान खाली घातलेला माणूस आपला फोटो काढतोय असं समोरच्याला वाटत नाही. मोठेबाबांच्या स्वभावाला तो शोभला. फिल्म कधी पूर्व जर्मनीतली ओर्वो, कधी उटीच्या सरकारी कारखान्यातली इंदू. नागपूरच्या सीताबर्डीत जी मिळेल ती.

भिंतीच्या आत मनाई, म्हणून ते भिंतीकडे पाठ करून उभे राहत. समोर धानाच्या बांध्या, बोडी, सिंदीची झाडं, पलीकडे महामार्ग. थंडीत पहाटे धुवारी पडली की पहिल्या शिफ्टचे सायकलवाले ठाणा पेट्रोलपंपाकडून एकामागून एक उगवायचे. सुटीच्या दिवशी मोठेबाबा तिथेच. त्यांच्या उत्तम फोटोंपैकी बहुतेक या रस्त्यावरचे आहेत.

काळ्यापांढऱ्या फोटोत गूढ आणायचं तर बहुतेक लोक अंधार करतात. ही सोपी युक्ती आहे, आणि मला ती आता जरा स्वस्तही वाटते. लाल फिल्टर लावला की निळं आकाश जवळजवळ काळं होतं, कारण निळा उजेड फिल्मपर्यंत पोचतच नाही. तीन स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो एवढंच. भर दुपारी बांधीवरून उडणारा बगळा त्या काळ्या आकाशात असा दिसतो की बघणारा दचकतो. मोठेबाबांनी हे केलेलं आहे. दोनचार फोटो आहेत तसे. मग त्यांनी तो फिल्टर डबीत ठेवून दिला. "हे त फिल्टरनं केलं, म्या काय केलं?" असं म्हणाले.

धुवारीत ते फिल्टर लावत नसत. धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांचा उजेड सारखा उधळतात, तिथे फिल्टरचं काही चालत नाही. उजेड मोजणारं मीटर मात्र फसतं. पांढऱ्या धुवारीला ते करडं समजतं, आणि त्याचं ऐकलं तर फोटो चुलीच्या राखेसारखा येतो. म्हणून मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त. त्यामुळे त्यांची धुवारी उजळ असते, आणि माणूस त्या उजेडातच हरवतो. जवळचा सायकलवाला काळा, त्याच्यामागचा करडा, त्याच्यामागे नुसतं चाक, आणि मग काहीच नाही. शेवटच्या दिसणाऱ्या माणसाच्या मागे किती असतील ते पाहणाऱ्याने ठरवायचं. "सगळंच दाखवलं त मंग पाहनाऱ्यानं कराचं काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

खरं काम रात्री, क्वार्टरच्या न्हाणीत. लाल बल्ब, तीन ट्रे, दाराच्या फटीत जुन्या चादरीचे बोळे. विदर्भात डार्करूम बारमाही चालत नाही. डेव्हलपरला वीस अंशांचं पाणी लागतं. मे महिन्यात आमच्या नळाला चहा करता येईल असं पाणी येतं आणि फिल्मवरचं जिलेटिन मऊ पडून सुरकुततं. म्हणून प्रिंटचा हंगाम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात काढलेले रोल धान कापणीपर्यंत वाट बघत पडायचे. कुणी 'आमचा फोटो कुठाय' विचारलं तर मोठेबाबा सांगायचे, "थंडी येऊ द्या."

मी न्हाणीत स्टुलावर बसायची, श्वास रोखून, कारण दार उघडलं तर कागद जळतो असं मला सांगून ठेवलेलं. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती लावून ते एन्लार्जरच्या उजेडात हलवत, कुणाचा तरी चेहरा उजळ राखायला. मग दोन्ही हातांची ओंजळ करून मधल्या फटीतून कडांवर उजेड पाडत आणि त्या काळ्या करत. पुढे केव्हातरी फोटोग्राफर अॅन्सल अॅडम्सच्या 'हर्नांडेझचा चंद्रोदय' या फोटोची हकिकत वाचली तेव्हा मला ही न्हाणी आठवली. १९४१ च्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोत उतरत्या उन्हात घेतलेला तो फोटो. छोटं गाव, कबरींवरचे पांढरे क्रूस, वर चंद्र. मूळ निगेटिव्हमध्ये आकाशात ढग आहेत आणि आकाश फार काळंही नाही. अॅडम्स वर्षानुवर्षं त्याच निगेटिव्हची प्रिंट करत राहिले आणि आकाश उत्तरोत्तर काळं करत गेले. रात्र त्या गावावर पडली ती डार्करूममध्ये. हाँगकाँगच्या फॅन हो यांनी १९५४ मध्ये भिंतीपाशी उभ्या असलेल्या बाईचा फोटो घेतला आणि तिच्याकडे सरकणारी ती तिरपी प्रचंड सावली नंतर डार्करूममध्ये घातली. म्हणजे गूढ ही करायची गोष्ट आहे, हाताने, सेकंद मोजत. ज्याने केलं त्याला आत काय झाकलंय ते ठाऊक असतं.

नेमकं इथेच माझं आणि इतरांचं जमत नाही. नुसतं माहीत नसणं त्यांना गूढ वाटतं.

गोसेखुर्दचं पाणी चढू लागलं तेव्हा मोठेबाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. या धरणाचं भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झालेलं. वैनगंगेकाठची कितीतरी गावं बुडीत क्षेत्रात गेली, माणसं पुनर्वसनाच्या पत्र्याच्या नाहीतर सिमेंटच्या घरांत. मोठेबाबा पवनीकडे जाऊन उरलेसुरले रोल तिथे संपवत. पाण्यात कंबरभर उभी वाळलेली झाडं, मागे आभाळ आणि पाणी एकाच करड्या रंगाचं, क्षितिजाची रेघ नाही. शहरातल्या एका ओळखीच्याने तो फोटो पाहिला आणि म्हणाला, "किती गूढ! जणू दुसऱ्याच जगातलं." मोठेबाबांनी चष्मा पुसला. "डावीकडचा कडुनिंब माझ्या साडभावाच्या आंगणातला हाय," ते म्हणाले. "त्याच्याखाली लगनं झाली दोन." साडभाऊ म्हणजे मोठ्याईच्या बहिणीचा नवरा, त्याचा मोबदल्याचा वाद तेव्हा चालूच होता. पाहुणा ओशाळला. फोटो तोच, पण आता त्याच्यात गूढ उरलं नव्हतं. एक पत्ता होता.

२४ जानेवारी २०२५ ला सकाळी साडेदहाच्या सुमारास निर्माणीत स्फोट झाला. इमारतीचं छत कोसळलं. त्या दिवशी आठ कामगार गेले. आवाज दूरदूरच्या गावांत ऐकू गेला आणि धुराचे व्हिडिओ दुपारपर्यंत आमच्या फोनवर. रंगीत, हलणारे, महामार्गावरून काढलेले. मोठेबाबांनी कोणता सेक्शन, कोणती शिफ्ट एवढंच विचारलं. मी फोन पुढे केला तर त्यांनी हाताने बाजूला सारला. "धूर काय पाहाचा, मानसं कोन ते सांग." दुसऱ्या दिवशीच्या पेपरात नावं आली. ती यादी त्यांनी कात्रीने कापून घेतली. त्यांच्या वेळचं त्यात कुणी असणं शक्य नव्हतं; ही त्यांच्या मुला-नातवांच्या वयाची माणसं. त्या पावसाळ्यात, रोवणी सुरू असताना, मोठेबाबा गेले. आजारपण थोडं होतं, वय बरंच.

तेरवीनंतर ट्रंक उघडली. बटर पेपरात निगेटिव्ह, ओर्वोचे डबे, प्रिंटचे गठ्ठे. प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षर आहे. 'एफ ५.६, १/६०, फिल्टर नाही, +१.' महिना आहे, साल आहे. कागदाचा ग्रेड आहे. नाव एकाही फोटोवर नाही. अख्ख्या ट्रंकेत नावं असलेला एकच कागद होता, पेपरातलं ते कात्रण.

नावं का लिहिली नसतील? जन्मभर आतलं बाहेर न बोलण्याची सवय हाताला लागली असेल. किंवा साधं उत्तर असं की त्यांना सगळे माहीत होते, लिहायची गरजच नव्हती. धुवारीतला तो काळा पाठमोरा सायकलवाला, कानटोपी घातलेला, हँडलला डबा लटकवलेला, तो कोण हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आता सांगणारं कुणी नाही. मी फोटो घेऊन त्यांच्या वेळच्या दोनतीन म्हाताऱ्यांकडे गेले. एकाने कानटोपी ओळखली. दुसरा म्हणाला की अशा कानटोप्या अर्ध्या शिफ्टला होत्या.

चुलतभावाला या फोटोंचं प्रदर्शन लावायचं आहे, नागपुरात. एका तरुण फोटोग्राफरने प्रिंट पाहून सांगितलं की नावं नाहीत तेच बरं, त्यानेच मिस्ट्री वाढते. मला ते पटत नाही, आणि पटवून घ्यायचंही नाही. मोठेबाबांनी चेहरा करड्यात विरघळवला ती त्यांची कारागिरी, त्याला मी हात लावणार नाही. पण त्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही ही कारागिरी नव्हे. ते नुसतं गमावणं आहे, आणि त्याला कलेचं नाव देऊन भिंतीवर टांगणं मला लबाडीचं वाटतं. समोरून झाकलेलं चालेल. मागून सगळं लिहिलेलं हवं.

तेव्हा ठाणा, सावरी, जवाहरनगर, भंडारा, जिथे कुठे जुन्या शिफ्टची माणसं आणि त्यांची घरं असतील, त्यांना एवढंच सांगणं आहे. ट्रंका आताच उघडा, ओळखणारे डोळे जागेवर आहेत तोवर. फोटोच्या मागे नाव, गाव आणि साल लिहा. मऊ पेन्सिलीने, अलगद. बॉलपेनचा दाब समोरच्या बाजूला उमटतो. आणि १९८०च्या आसपास पहिल्या शिफ्टला कानटोपी घालून, हँडलला डबा लावून जाणारा माणूस तुमच्या घरातला असेल, तर आमच्याकडे त्याचा एक चांगला फोटो आहे. येऊन घेऊन जा.