नकाराची तारीख

उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी विचारलं, "भावानं जमीन द्यायला नकार दिला, तो दिवस सांगा." माझी याडी, म्हणजे आई, गप्प राहिली. तिला दिवस आठवत नाहीत असं नाही. गाय कधी व्याली, विहिरीला पाणी कोणत्या पोळ्याला लागलं, आजोबा गेले तेव्हा तूर फुलात होती की शेंगेत, सगळं तिला तोंडपाठ आहे. पण मामा कधी नाही म्हणालाच नव्हता. "यंदा तूर निघू दे, बाई." "पोरीचं लग्न होऊ दे." "मोजणी आली की करून टाकू." अकरा वर्षं तो हो म्हणत राहिला आणि दर वेळी साडी-चोळी देऊन तिला एसटीत बसवून देत राहिला.

करार पुरा करून मागायला कायद्यात तीन वर्षांची मुदत आहे. करारात तारीख ठरली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर नकार कळल्यापासून. 1963 च्या मुदतीच्या कायद्यातलं हे कलम आमच्या वकिलांनी मला दोनदा समजावून सांगितलं. व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत ते ठीक चालत असेल. बहीण-भावात नकाराला तारीख कुठून आणायची? याडीला नकार कळला तो तलाठ्याकडे. दुसऱ्याच कामासाठी सातबारा काढला होता आणि त्या दोन एकरांवर मामाच्या मुलाचं नाव चढलेलं दिसलं. तिनं उतारा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "नीट वाच, तू घाईत वाचतेस."

शब्द दिला गेला तो पोहरादेवीला, आम्हा बंजाऱ्यांच्या तीर्थाला. आजोबा, म्हणजे याडीचे वडील, गेले त्या वर्षीची रामनवमी. तांड्यातून दोन ट्रॅक्टर भरून माणसं मानोऱ्यावरून यात्रेला आली होती. भोग लावून झाला, माणसं झाडाखाली बसली, आणि तांड्याच्या नायकानं विषय काढला. मामानं संत सेवालाल महाराजांच्या समाधीकडे हात केला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की विहिरीजवळचं दोन एकर वावर बाईचं. नायक होते, कारभारी होते, मीही होते, उसाच्या रसाचा पेला हातात धरून. याडी तेव्हा रडली होती. पुढच्या महिन्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तिनं हक्कसोडपत्रावर सही केली. कागद एकदम केला की काम सोपं होतं, तुझे दोन एकर नंतर काढून देतो, असं मामा म्हणाला.

त्या कागदाची नक्कल माझ्या समोर आहे. "कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय." मुद्रांक दोनशे रुपयांचा. शेतीच्या वाटणीपत्राला तेव्हा शंभर रुपयेच लागत होते. म्हणजे तिच्या नावानं दोन एकर काढून देणारा कागद याहून स्वस्तात झाला असता. पण बहिणीनं सोडण्याचा कागद आपल्याकडे नेहमी वेळेवर होतो. तिला द्यायचं ते मात्र तोंडावर राहतं, आणि कागद मागितला तर तिचा विश्वास नाही असं होतं. मला संताप येतो तो या ठिकाणी. शब्दच पुरेसा होता, तर तिच्याकडूनही शब्दच घ्यायचा होता. तिच्या बाजूचा कागद का करून घेतला?

आमच्या लोकांना जमीन मिळाल्याला फार पिढ्या झालेल्या नाहीत. पणजोबांच्या आधीची माणसं लदेणीची. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. रेल्वे आली आणि धंदा बसला. 1871 च्या कायद्यानं पुढे अनेक तांड्यांवर गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो 31 ऑगस्ट 1952 ला निघाला. त्या फिरत्या दिवसांत वाटून घ्यायचं ते बैल आणि भांडी. मुलीचा वाटा तिच्या अंगावरची चांदी. भांडण झालं तर नसाब, म्हणजे तांड्याची पंचायत, बसायचा आणि देवाची आण घेऊन बोललेला शब्द हाच पुरावा असायचा. याडी तोच पुरावा घेऊन कोर्टात उभी आहे. जुन्या नसाबाचं गुणगान मी करणार नाही, कारण तिथं बाईला बसायला जागा नव्हती. पण शब्द मोडणाऱ्याला तांड्यात मान वर करता येत नव्हती, हेही माझ्या आजीनं सांगितलेलं आहे.

कोर्टाला तोंडी शब्द अगदीच वर्ज्य आहे असं नाही. काले नावाच्या एका माणसाचा उत्तर प्रदेशातला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तो मुलीचा मुलगा, समोर त्याच्या दोन मावश्या. घरात समेट होऊन जमिनी वाटल्या गेल्या, महसुली दप्तरात नोंदी झाल्या, आणि काही वर्षांनी मावश्या फिरल्या. 1976 साली न्यायालयानं काले याच्या बाजूनं निकाल दिला. घरातली व्यवस्था तोंडीही होऊ शकते, आणि ती प्रामाणिकपणे झाली असेल तर किरकोळ तांत्रिक कारणानं मोडू नये, असं त्यात म्हटलं आहे. आमची अडचण अशी की याडीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे. नोंदलेल्या कागदाविरुद्ध तोंडी पुरावा सहसा चालत नाही. फसवून सही घेतली हे दाखवावं लागतं. म्हणजे मामा फसवा आहे असं तिला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागतं. दाव्यात ते लिहिलेलं आहे. वाचून दाखवलं तेव्हा तिनं तो शब्द बदलता येईल का, असं विचारलं होतं.

हे गरिबाघरचंच आहे असं कुणी समजू नये. पुण्याच्या कल्याणी घराण्यातल्या बहिणीनं, सुगंधा हिरेमठ यांनी, 2023 साली मुंबई उच्च न्यायालयात भावाविरुद्ध, बाबा कल्याणी यांच्याविरुद्ध, दावा लावला. हिकल कंपनीचे शेअर आपल्याकडे देण्याचं 1994 साली घरात ठरलं होतं, असं त्यांचं म्हणणं. असं काही ठरलंच नव्हतं, असं भावाचं म्हणणं. खरं-खोटं न्यायालय ठरवेल. किर्लोस्करांचा तर 2009 चा लेखी करार होता, तरी भाऊ-भाऊ कोर्टात गेले आणि 2021 साली सर्वोच्च न्यायालयाला त्यांना मध्यस्थीचा मार्ग सुचवावा लागला. त्या बातम्या मी याडीला वाचून दाखवल्या. तिनं एवढंच विचारलं, "ती बहीण राखीला जाते का?"

यंदाच्या रामनवमीला आम्ही दोघी पोहरादेवीला गेलो. 2024 साली उद्घाटन झालेल्या नंगाऱ्याच्या आकाराच्या संग्रहालयापुढे गर्दी होती. दर्शनाच्या रांगेत पुढे तेलंगणातली एक बाई, मागे कर्नाटकातली. तिघींची बोली एक, देव एक, हातातल्या बलियांचा, बांगड्यांचा, आवाजही एक. पण बापाच्या जमिनीचा प्रश्न आला की तिघींना एकच कायदा नाही. महाराष्ट्रात आम्ही विमुक्त जातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, तेव्हा हिंदू वारसा कायदा आणि मुलीला मुलाइतका वाटा देणारी 2005 ची दुरुस्ती आम्हाला लागू. तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत, आणि जमातींना तो कायदा आपोआप लागू होत नाही. आपल्याकडे जमातीच्या आरक्षणासाठी मोर्चे निघतात. मीही एका मोर्चात गेले होते. ते मिळालं तर मुलींच्या वाट्याचं काय, हा प्रश्न तिथं माझ्या कानावर आला नाही. तो आपणच विचारायला हवा.

दिवाळीच्या अमावास्येला आमच्या तांड्यात पोरी दिवे घेऊन मेरा मागायला घरोघर जातात. बापाची, भावाची भरभराट होवो, घर धान्यानं भरो, असं मागतात. याडी लग्न होईपर्यंत दर वर्षी तो दिवा घेऊन फिरली. दिव्याची वात वाऱ्यात कशी आडोशाला धरायची, हे तिनं मला शिकवलं होतं. तळवा वाकवून, ज्योतीच्या अगदी जवळ. चटका बसेपर्यंत जवळ.

मामा त्या दिवशी यात्रेत दिसला नाही. म्हातारे कारभारी दिसले. नायक आता नाहीत, त्यामुळे त्या झाडाखालच्या शब्दाला घरातल्या माणसांबाहेरचे साक्षीदार तेच उरले आहेत. दोन तारखांना ते आले नव्हते. एकदा ताप, एकदा लग्न. याडीनं त्यांना बोल लावला नाही, वाकून पाया पडली आणि भोगाचा प्रसाद दिला. ते बराच वेळ प्रसाद हातात धरून बसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तिथं पिंजऱ्यात उभं राहताना चप्पल काढावी लागते का?"

"नाही लागत," याडी म्हणाली. "मी काढली होती."