पत्ता : गेंदालाल मिल

जळगावातली गेंदालाल मिल आता गिरणी नाही, वस्ती आहे. भोंगा थांबला, नाव पत्त्यात उरले. तो पत्ता ऐकून समोरच्याचा चेहरा बदलायचा, म्हणून तरुणपणी मी नोकरीच्या अर्जावर नुसते ‘जळगाव’ लिहायचो.

एकदा वडिलांनी अर्ज पाहिला. आयुष्यभर गिरणीत राबलेला माणूस. म्हणाले, “मुंबईच्या गिरण्यांत धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळ होतो म्हणून आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८ च्या संपावेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न उघड मांडला. आणि तू पत्ता लपवतोस?”

मी मान खाली घातली.

परवा मुलीचा अर्ज पाहिला. तिने पत्ता पूर्ण लिहिला होता. बंधुभगिनींनो, मिल गेली. कष्टाच्या नावाची लाज आपण का धरावी?