जिप्सीचा दुसरा लो

जिप्सी किंगचं इंजिन १२९८ सीसीचं. एमपीएफआय गाडीत ते १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, पण ४५०० आरपीएमला. सगळा जोर वरच्या फेऱ्यांत. लोणावळ्याहून तुंगार्लीचं धरण मागे टाकून राजमाचीच्या वाटेला लागलं, की पावसाळ्यात ओल्या दगडांवरून गाडी माणसाच्या चालीने न्यावी लागते. तेव्हा इंजिन हजाराच्या आसपास फिरत असतं आणि तिथे त्याच्यात दम नसतो. ती कसर गिअरांनी भरून काढायची.

३१ इंची टायर घातल्यावर हे फारच जाणवू लागलं. मूळचा २०५/७० आर १५ टायर साधारण सव्वासव्वीस इंच उंच असतो. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते आणि त्या प्रमाणात जोर कमी पडतो. इथे फरक जवळपास १८ टक्क्यांचा. चढाला पहिल्या लोमध्येही (ट्रान्सफर केस लोवर, गिअर पहिला) क्लच अर्धा दाबून धरावा लागे आणि माथ्यावर पोचेपर्यंत प्लेटचा जळका वास गाडीभर झालेला असे. उताराला तर जीव मुठीत. इंजिन गाडीला आवरत नसे; ब्रेक दाबावा तर ओल्या कातळावर चाकं जाम होऊन गाडी घसरत खाली जायची.

"क्राऊन-पिनियन बदलून टाकू, ताई. विषय संपला," गॅरेजमधले काका म्हणाले. त्यांचा हात या गाड्यांवरच बसलेला, त्यामुळे शब्द वाऱ्यावर सोडण्यातला नव्हता. पण मला आधी हिशेब मांडून बघायचा होता. मागचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी न्यूट्रल केली, टायरवर आणि प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खुणा केल्या. दुसरं चाक जमिनीवर असलं की डिफरन्शियलमुळे उचललेलं चाक दुप्पट फिरतं, म्हणून काकांनी चाकाचे दोन पूर्ण फेरे दिले आणि मी खाली पाठीवर पडून शाफ्टचे फेरे मोजले. चौथा फेरा पुरा व्हायला बोटभर बाकी राहिला. ॲक्सलच्या क्राऊन-पिनियनचा रेशो ३.९ धरला.

पुढचं काम कागदावरचं. गिअरबॉक्सचा पहिला ३.६५२, दुसरा १.९४७, तिसरा १.४२३, चौथा १. ट्रान्सफर केसचा हाय १.४०९ आणि लो २.२६८. तिन्हींचा गुणाकार केला की इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी, ते कळतं. पहिला लो ३२. पहिला हाय २०. आणि दुसरा लो? १७. म्हणजे दुसरा लो पहिल्या हायपेक्षाही पळणारा! लोचा दांडा ओढून पहिल्या हायच्या खालचा असा एकच गिअर माझ्या हाती येत होता, आणि त्याच्यानंतर एकदम १७वर उडी. चढावर मधेच पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना गाडी का मरते, ते त्या कागदावर स्वच्छ दिसलं.

ऑफरोडवाल्यांच्या गप्पांत चर्चा होते ती सर्वांत मोठ्या आकड्याची: तुझी किती, माझी किती. मला तो आकडा दुय्यम वाटतो. एका गिअरवरून दुसऱ्यावर जाताना पायरी केवढी पडते, हे आधी बघावं. क्राऊन-पिनियन बदललं तर सगळे गिअर सारख्याच प्रमाणात खाली येतात, पायऱ्या होत्या तेवढ्याच राहतात. शिवाय पुढचा आणि मागचा, दोन्ही ॲक्सल उघडावे लागतात. दुसरा गिअरबॉक्स बसवायचा तर माउंटिंगपासून शाफ्टच्या लांबीपर्यंत सगळंच नवं. जिप्सीचा ट्रान्सफर केस मात्र गिअरबॉक्सला चिकटलेला नाही. तो स्वतःच्या रबर माउंटिंगवर वेगळा बसतो, मध्ये छोटा शाफ्ट. तो एकटा उतरवता येतो, आणि जिप्सीचीच परदेशी बहीण असलेल्या सामुराईसाठी बनलेले मोठ्या रेशोचे गिअर त्यात बसतात. माझ्यापुढे पर्याय दोन: ४.१६ आणि साडेसहाच्या आसपासचा.

साडेसहाने पहिला लो ९० पार करतो. ऐकायला भारी. पण एवढा टॉर्क शेवटी पुढच्या ॲक्सलच्या टोकांच्या जॉइंटवर येतो, आणि या गाडीची ती नाजूक जागा आहे. दगडात अडकलेलं ३१ इंची चाक सुटत नसेल तर जॉइंट सुटतो. ४.१६ने हिशेब असा आला: पहिला लो ५९, दुसरा ३२, तिसरा २३, चौथा १६. माझा जुना पहिला लो आता दुसऱ्या जागी येणार होता आणि त्याच्याखाली एक आख्खा नवा गिअर. काकांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "मग ॲक्सलला हातच लावायला नको."

४.१६चा संच बसवला. त्याने हायही सुमारे १२ टक्के खाली येतो. टायरने नेलेल्या १८तले बरेचसे तिथेच परत मिळाले. खंडाळ्याच्या घाटात गाडी पुन्हा चौथ्यात चढू लागली.

राजमाचीला गेले ती भर पावसात. चढावर पहिला लो लावला, क्लच सोडला आणि पाय बाजूला घेतला. आयडलवर साधारण ताशी दोन किलोमीटर. टायर दगडाच्या कडेला टेकतो, किंचित चेपतो, धरतो आणि मग गाडी वर येते, हे खिडकीतून वाकून बघता येतं, इतका वेळ मिळतो. उताराला ब्रेकशिवाय, इंजिनाच्याच जोरावर गाडी एकेक दगड उतरत गेली. मला सर्वांत जास्त समाधान त्याचं आहे.

चिखलाला मात्र हा गिअर चालत नाही. तांबड्या मातीत चाक थोडं जोरात फिरून स्वतःची नक्षी साफ करत राहिलं तरच पकड राहते. तिथे मी सरळ तिसरा लो टाकते. आणि पहिल्या लोमध्ये चाक अडकलं, स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असलं, तर ॲक्सिलरेटर देत नाही. आधी स्टिअरिंग सरळ करते, हातभर मागे येते, दुसरी वाट शोधते. पुढचे जॉइंट अजून मूळचेच आहेत.