‘नाही’ म्हणायची मोकळीक

भातखाचर विकायचं म्हटलं की दोन पक्ष येतात, घासाघीस येते आणि मालकाला शेवटच्या क्षणी ‘नाही द्यायचं’ म्हणून उठायची मोकळीकही येते. ही मोकळीक काढून घेतली तर उरलेल्या व्यवहाराला कुणी विक्री म्हणत नाही. हे कळायला संमतीचं अंतिम तत्त्व शोधावं लागत नाही. शब्द व्यवहारात कसा चालतो ते पाहिलं की पुरतं. तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनने भाषेकडे असं पाहायला शिकवलं. मन आणि नीती यांच्याकडेही असंच पाहता येतं, असं माझं म्हणणं आहे. त्याचा दाखला पुण्याजवळच्या मुळशीत आहे.

टाटांच्या वीजप्रकल्पासाठी तिथली जमीन घेतली ती १८९४च्या भूसंपादन कायद्याने. तो कायदा बाजारभावावर शेकडा १५ जादा द्यायला सांगे आणि कारणही नोंदवी: संपादन सक्तीचं आहे म्हणून. म्हणजे ही विक्री नव्हे, हे खुद्द कायद्याच्या भाषेनेच कबूल केलं होतं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, तिथले शेतकरी, म्हणजे मावळे, या प्रकल्पाच्या धरणाच्या कामावर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा. त्या माणसांच्या मनात काय आहे, याचा तर्क करायची गरज नव्हती. त्यांची नाराजी कामाच्या जागी, भर उन्हात बसलेली होती. पुण्याच्या सावकारांनी मात्र मोबदला पत्करला. कागदावर बऱ्याच जमिनी त्यांच्या होत्या, पण चिखलात उतरून लावणी करणारे हात दुसऱ्यांचे होते. त्यामुळे संमती कुणाची मोजायची, हाच खरा वाद झाला.

यावर कुणी म्हणेल, अर्थ वापरातच असेल तर ज्याच्या हाती सत्ता त्याचाच अर्थ चालणार. म्हणून न्यायाला व्यवहारापलीकडचा आधार हवा. आक्षेप वजनदार आहे, पण अशा संपादनाच्या समर्थनात येणारा ‘लोकोपयोगी’ हा शब्द सरकारच्या एकट्याच्या मालकीचा नाही. तो वापरला की ‘लोकांत आम्ही येतो की नाही?’ हा प्रश्न विचारायचा हक्क मावळ्यालाही मिळतो. सत्तेला तो धुडकावता येतो, गैरलागू ठरवता येत नाही. २०१३च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. मात्र ती मुख्यतः जमीनधारकांची. कुळं आणि शेतमजूर बाधितांत धरले गेले, पण होकार-नकाराच्या मोजणीत नाहीत. ‘संमती’ या शब्दाचा अर्थ रुंदावला तो माणसं ‘नाही’ म्हणत राहिली म्हणून, आणि ज्यांचं ‘नाही’ अजून मोजलं जात नाही त्यांच्यापाशी तो अपुरा आहे.