आत्ता कुठे बसलायस?

कॉलेजातली माझी खोली जिन्याखाली होती. आधी तिथे खेळाचं सामान ठेवायचे, त्यामुळे दार उघडलं की अजूनही बॉलच्या रबराचा वास यायचा. दोन खुर्च्या, टिश्यूचा डबा, घरून आणलेला पडदा आणि दाराबाहेर ‘कृपया थांबा’ अशी पाटी. जानेवारी २०२० मध्ये मी समुपदेशक म्हणून रुजू झाले तेव्हा एम.ए.ची मार्कशीट नुकतीच हातात पडली होती. मार्चपर्यंत जेमतेम अकरा मुलं आली. त्यातली तीन चुकून आली होती, बोनाफाइड इथेच मिळतं का ते विचारायला.

मग २४ मार्चच्या रात्री कोरोनामुळे देश बंद झाला आणि एप्रिलमध्ये प्राचार्यांचा फोन आला. “मॅडम, लेक्चरं ऑनलाइन चाललीयेत, तर समुपदेशनही होऊ दे की. त्यात काय, बोलायचंच तर असतं.” मलाही तसंच वाटलं, हे आता कबूल करते. (खाली मुलांबद्दल जे लिहिलंय, त्यातले ओळख पटतील असे तपशील बदलले आहेत.)

समुपदेशनाच्या वर्गात जेरार्ड ईगन यांची ‘सोलर’ पद्धत घोकून घेतात. समोर तोंड करून बसा, हाताची घडी घालू नका, किंचित पुढे झुका, नजर मिळवा, सैल बसा. परीक्षेत पाच मार्कांना हमखास येते. पहिल्याच व्हिडिओ कॉलला मी पुढे झुकले आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत फक्त माझं नाक दिसायला लागलं. नजर मिळवायची तर पंचाईत अशी, की मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं की त्याला मी खाली बघतेय असं दिसतं. त्याला मी त्याच्याकडे बघतेय असं दिसायला हवं असेल, तर मला कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघावं लागतं, आणि मग तोच मला दिसत नाही. शेवटी कॅमेऱ्याशेजारी भाचीची फुलपाखराची टिकली चिकटवली आणि पाऊण-पाऊण तास मी त्या फुलपाखराला धीर देत बसायचे.

शांततेचंही तसंच. समोरचा गप्प झाला की गप्प राहा, घाई करू नका, असं शिकवलेलं. खोलीत ती शांतता जड असते, पण असते. इथे मी सात सेकंद गप्प राहिले की पलीकडून यायचं, “हॅलो? मॅम? आवाज येतोय का?” मुलगा रडू दाबत असतो आणि मला वाटतं नेट गेलं. किंवा नेट गेलेलं असतं आणि मी अत्यंत समजूतदार चेहऱ्याने एका गोठलेल्या चित्राकडे बघत असते. एकदा असं दीड मिनिट गेलं. मान हलवत होते मी.

घरी वेगळीच तऱ्हा. आमचं सिंहगड रोडवर दोन खोल्यांचं घर. हॉलमध्ये नवऱ्याचं ऑफिस, आत मी कपाटाला पाठ लावून पलंगावर, आणि दाराबाहेर पुठ्ठ्यावर लिहिलेलं ‘काम चालू’. कुकरची तिसरी शिट्टी नेमकी कोणाच्या तरी हुंदक्यावर यायची. मी इअरफोन लावायचे, पण माझं बोलणं तर दाराबाहेर जायचंच. एका दुपारी सासूबाई म्हणाल्या, “कुणी रडत होतं का गं?” मी त्यांना गोपनीयता म्हणजे काय ते सांगितलं. कानावर पडलं तरी विचारायचं नाही म्हटलं. त्या जरा दुखावल्या. मग म्हणाल्या, “नाही विचारत. पण पोरगी जेवली का, तेवढं सांग.” त्या दिवसापासून माझं बोलणं चालू असेपर्यंत त्या कुकर लावत नसत.

माझी सगळ्यात मोठी फजिती पहिल्याच आठवड्यातली. एस.वाय.ची मुलगी, कॅमेरा बंद. मी विचारलं कसं वाटतंय, तर “बरंय मॅम.” झोप? “हो.” घरी कसं आहे? “नोट्स मिळाल्या मॅम.” मला वाटलं प्रश्न नीट ऐकू गेला नसेल, म्हणून मी तो मोठ्याने, सावकाश पुन्हा विचारला. अर्ध्या तासाने तिने फोन ठेवला आणि मी माझ्या वहीत रुबाबात लिहिलं, ‘प्रतिसाद तुटक. भावना व्यक्त करण्यास टाळाटाळ.’ लॅपटॉप बंद करताना उजवीकडच्या खुणेवर लाल ठिपका दिसला. तिथे लिहून बोलायची सोय असते, हे मला ठाऊकच नव्हतं. तिने पाचव्या मिनिटाला लिहिलं होतं, “बाबा इथेच आहेत.” विसाव्या मिनिटाला, “मॅम प्लीज घरचं विचारू नका.”

एका खोलीत पाच माणसं राहत होती. तिला जे बोलायचं होतं ते त्यातल्याच एकाबद्दल होतं.

तोवर माझी समजूत अशी, की खोली ही समुपदेशकाने द्यायची गोष्ट. जिन्याखाली का होईना, दार लावता येतं आणि बाहेर पाटी असते. आता खोली त्या मुलांनी आणायची होती, आणि बहुतेकांकडे ती नव्हती. दुसऱ्या वेळी मी त्या मुलीला आधीच लिहून विचारलं, “आत्ता कुठे बसलीयस? कोण आहे जवळ?” ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसली होती. आम्ही एक खूण ठरवली. कुणी वर आलं की ती ‘असाइनमेंट’ म्हणणार आणि मी लगेच अभ्यासाचं बोलायला लागणार. एकदा तिची आई वाळत घातलेल्या कुरडया बघायला आली, तेव्हा मी अकरा मिनिटं मागणी-पुरवठ्याचा सिद्धांत समजावला. चुकीचा समजावला, असं तिने नंतर कळवलं. ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

मग एकेक जागा कळत गेल्या. एक जण सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडिलांच्या गाडीत काचा वर करून बसायचा, घामाने निथळत. सातारा जिल्ह्यातली एक मुलगी रेंजसाठी टेकडीवरच्या देवळापर्यंत चढायची, तिची पहिली पाच मिनिटं धाप लागण्यातच जायची. एक गोठ्यातून बोलायचा, मागे म्हशीच्या साखळीचा आवाज. बाथरूममध्ये नळ सोडून बसणारे दोघं होते. पुस्तकात यातलं काहीच नव्हतं.

पुस्तकात आणखी एका प्रश्नाचं उत्तर नव्हतं, तो म्हणजे “मॅम, परीक्षा होणार का?” शेवटच्या वर्षाची मुलं महिनोन्‌महिने हेच विचारत होती. राज्य सरकार नको म्हणत होतं, ६ जुलैला यूजीसीने घ्याच म्हटलं, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही म्हणून सांगितलं. तोवर मी कार्ल रॉजर्स यांच्या शिकवणीप्रमाणे त्यांची अनिश्चितता विनाअट स्वीकारत होते. एक मुलगा वैतागून म्हणाला, “मॅम, स्वीकार नको, तारीख सांगा.” चूक नव्हती त्याची.

जूनमधला एक कॉल मात्र हसण्यावारी नेता येत नाही. मुलगा रायगड किनाऱ्यावरचा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ तिथे धडकलं आणि त्यांची सुपारीची वाडी एका दुपारी आडवी झाली. सुपारीचं झाड धरायलाच पाच-सात वर्षं लागतात. गावात वीज नव्हती. जनरेटर असलेल्या एका दुकानात पैसे देऊन तो फोन चार्ज करायचा. म्हणाला, “मॅडम, कधीकधी वाटतं, मी नसतोच तर बरं झालं असतं.” अशा वेळी आडून विचारायचं नाही, स्पष्ट विचारायचं, थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मला पक्कं शिकवलेलं. म्हणून विचारलं, “जीव संपवायचे विचार येतात का?”

तो म्हणाला, “येतात.” आणि फोन बंद झाला.

परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. माझ्या फॉर्ममध्ये पत्ता होता, हॉस्टेलचा, आणि हॉस्टेलला मार्चपासून कुलूप. जिवाला धोका असेल तर गोपनीयतेला अपवाद आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तसं आहे. पण अपवाद करायचा तर कुणाजवळ? वर्गशिक्षकांना फोन, त्यांनी ऑफिसमधल्या क्लार्कना, त्यांनी घरबसल्या जुन्या ईमेलमधून त्याचा प्रवेशअर्ज शोधला. वडिलांचा नंबर मिळाला. तोही क्षेत्राबाहेर. माझे हात इतके थरथरत होते की नवऱ्याने नंबर फिरवून दिले.

एक तास दहा मिनिटांनी त्याचाच फोन आला. “सॉरी मॅडम, चार्जिंग संपलं. जनरेटरपर्यंत चालत आलो.” मग, जणू मध्ये काही घडलंच नाही अशा आवाजात, “ते मघाचं राहिलं. विचार येतात, पण आत्ता काही करणार नाहीये.” आम्ही त्या दुकानाच्या मागे उभं राहून (म्हणजे तो उभा, मी पलंगावर) बराच वेळ बोललो. रात्री कोणाजवळ झोपायचं ते ठरवलं, त्याला विचारून चुलतभावाला सांगितलं, पुढे मानसोपचारतज्ज्ञांची गाठ घालून दिली. तो मला कायम ‘डॉक्टर मॅडम’ म्हणायचा. मी डॉक्टर नाही, गोळ्या देत नाही, त्या देणारे वेगळे, हे तीनदा सांगितलं. शेवटच्या कॉलला म्हणाला, “बरं ताई.”

फोन तुटला त्या रात्रीच मी फॉर्म बदलला. आता नाव आणि रोल नंबरच्या आधी प्रश्न आहे, आत्ता कुठे आहेस? त्याखाली, जवळ कोण आहे, आणि फोन तुटला तर मी कोणाला लावू? आज असं काही झालं तर निदान टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर सांगता येतो. तो चोवीस तास चालतो, मराठीतही. पण तो सुरू झाला ऑक्टोबर २०२२ मध्ये.

कॉलेज उघडून आता काही वर्षं झाली. जिन्याखालची खोली परत मिळाली, पडदा धुतला. तरी निम्मी मुलं अजून ऑनलाइनच वेळ मागतात. जिन्याखाली शिरताना मित्रांनी पाहिलं तर, ही धास्ती. पूर्वी मला याचा राग यायचा, इतकी छान खोली सजवली म्हणून. आता गच्ची, गाडी, देऊळ, गोठा, जिथून म्हणतील तिथून चालतं.

तुमच्या घरात कॉलेजात जाणारं पोर असेल आणि आठवड्यातून एकदा ठरल्या वेळी ते फोन घेऊन गच्चीवर जात असेल, तर तेवढा पाऊण तास वाळवण बघायला वर जाऊ नका. कृपा करा, मला मागणी-पुरवठा अजूनही नीट येत नाही.